बाळाच्या पापण्यांवरची लाली जाते आणि परत येते, तेव्हा काय तपासायचं

सकाळी डाग फिका, अंघोळीनंतर गडद, रडलं की लालबुंद, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवेपर्यंत जवळजवळ दिसेनासा. तान्ह्या बाळाच्या पापण्यांबाबत ही तक्रार फार येते. ‘परत येतंय’ म्हणताना दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडत असतात. एक तर डाग कधी गेलेलाच नसतो, फक्त त्याचा रंग कमी-जास्त होत असतो. नाही तर पुरळ खरंच बरं होतं, पण ते उठवणारी गोष्ट रोज कुठून तरी पुन्हा पापणीला लागत असते. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. दुसऱ्यात मलम बदलत बसण्यापेक्षा ती गोष्ट शोधावी लागते. म्हणून औषधाआधी निदान.

त्याच्याही आधी: हे असेल तर पुढचं वाचत बसू नका

पापणी सुजून गरम लागतेय, एकाच बाजूची लाली तासातासाला पसरतेय, डोळा उघडत नाही, बुबुळ बाहेर आल्यासारखं दिसतंय किंवा डोळा फिरत नाही, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी, गरज पडली तर रात्रीसुद्धा रुग्णालय गाठा. पापणीभोवतीच्या त्वचेत जंतुसंसर्ग झाला की तो डोळ्याच्या खोबणीत शिरू शकतो. ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, तर पुरळ किती किरकोळ दिसतंय याला महत्त्व नाही. तपासणी लगेच हवी.

पहिल्या २८ दिवसांत पापण्या सुजून घट्ट पू येणं हीसुद्धा तातडीची बाब आहे. प्रसूतीच्या वेळी लागलेला गोनोरियाचा संसर्ग साधारण २ ते ५ दिवसांत, क्लॅमिडियाचा ५ ते १४ दिवसांत दिसतो. पहिल्याने बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला फार लवकर इजा होते.

आणि नवजात बाळाच्या पापणीवर किंवा आसपास पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुपका दिसला, तर ते नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूचं लक्षण असू शकतं. ओठावर तापाचे फोड (जर) उठलेल्या मोठ्या माणसाने बाळाचा पापा घेतला तरी हा विषाणू जातो. फोड दोनच असले तरी थांबू नका.

दाबून बघायची साधी चाचणी

पापणीवर थेट दाब द्यायचा नाही, खाली डोळा आहे. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना स्वच्छ बोटाच्या पेराने भुवईच्या हाडाजवळची कातडी हलकेच वर ताणा. ताणल्यावर लाली फिकी पडली आणि सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत परत भरली, तर तो रंग रक्तवाहिन्यांमधल्या रक्ताचा आहे. अजिबात फिका पडला नाही, तर रक्त वाहिनीबाहेर त्वचेत उतरलंय. जोरात रडल्यावर, खोकल्यावर किंवा उलटीनंतर पापण्यांवर टाचणी टोचल्यासारखे न पुसणारे ठिपके येतात, आणि बाळ एरवी छान असेल तर ते काही दिवसांत मावळतात. पण तसेच ठिपके अंगावर इतरत्र असतील, वाढत असतील किंवा सोबत ताप अथवा सुस्ती असेल, तर ती तातडीची बाब.

नंतर पेर अलगद फिरवून पाहा: डाग सपाट आहे की उंचवटा लागतो? खरखर आहे का, पापुद्रे सुटतायत का? सपाट आणि गुळगुळीत असेल तर बहुतेक जन्मखूण. खरखरीत असेल तर पुरळ. निदानातला पहिला निर्णय इथेच लागतो.

त्वचा सावळी किंवा गडद असेल तर ‘लाल’ शोधत बसलात तर फसाल. तिथे तीच दाहाची खूण तपकिरी, जांभळट किंवा नुसती आसपासपेक्षा काळपट दिसते. अशा वेळी रंगापेक्षा स्पर्श, सूज आणि पापुद्रे यांवर भरवसा ठेवा.

सपाट, गुलाबी, जन्मापासून: बहुतेक वेळा हेच असतं

दोन्ही वरच्या पापण्यांवर, नाकाच्या मुळाकडच्या बाजूला, फिकट गुलाबी ते विटकरी रंगाचे अस्पष्ट कडांचे डाग. अनेकदा दोन भुवयांच्या मध्ये कपाळावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा पट्टा आणि मानेवर केसांखाली एक चट्टा. याला सामन पॅच म्हणतात. त्वचेतल्या बारीक केशवाहिन्या रुंदावलेल्या राहिल्यामुळे तो दिसतो. नवजात बाळांमध्ये ही सगळ्यात जास्त आढळणाऱ्या जन्मखुणांपैकी एक आहे.

आता तो ‘परत’ का येतो? पापणीची त्वचा साऱ्या शरीरात सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. रडताना, दूध ओढताना, शी करताना जोर लावला की चेहऱ्याकडे रक्त वाढतं, त्या रुंद वाहिन्या भरतात आणि डाग उठून दिसतो. गरम पाण्याची अंघोळ, ताप, उबदार खोली यांनीही तेच होतं. बाळ निवांत झालं की फिका. म्हणजे डाग जात-येत नाही, रक्त कमी-जास्त होतं. हे घरातल्यांना एकदा पटलं की अर्धी धावपळ थांबते.

पापण्यांवरचे डाग साधारण १ ते २ वर्षांत विरतात. कपाळावरचा पट्टा जरा रेंगाळतो, आणि मानेवरचा पुष्कळांना मोठेपणीही केसांखाली राहतो. त्याने काही बिघडत नाही. यावर मलम, तेल, लेप, चोळणं यांतलं काहीही लागू पडत नाही. उलट रोज चोळल्याने खऱ्या पुरळाची भर पडते आणि मग दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून निदान अवघड होतं.

पहिल्या आठवड्यातल्या काही खुणा तर आपोआपच मिटतात: प्रसूतीच्या दाबाने आलेली पापण्यांची सूज, बाळ बाहेर काढायला वापरलेल्या चिमट्याचे (फोर्सेप्सचे) वळ, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात साखळलेलं रक्त. हे शेवटचं दिसतं भयंकर, पण दोन-तीन आठवड्यांत विरघळतं.

त्याच्यासारखे दिसणारे, पण वाट बघत बसू नये असे दोन डाग

पोर्ट वाइन स्टेन हाही जन्मापासूनच असतो आणि सपाट असतो. फरक असा: तो बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूला, मध्यरेषेशी थबकलेला, रंगाने गडद, कडा ठळक. रडल्यावर याचाही रंग वाढतो, म्हणून नुसत्या त्या खुणेवर जाऊ नका. हा विरत नाही. बाळाबरोबर वाढतो आणि वर्षांनुवर्षांत गडद व जाड होत जातो. कपाळ आणि वरच्या पापणीचा भाग त्यात आला असेल तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होण्याचा धोका असतो, आणि काही बाळांत मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही त्यात गुंतलेल्या असतात (स्टर्ज-वेबर सिंड्रोम), त्यामुळे आकडी येऊ शकते. अशा बाळाची डोळ्यांची तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी आणि पुढेही ठरावीक अंतराने होत राहावी. डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा वाटणं, बुबुळ धुरकट दिसणं, सतत पाणी येणं, उजेडापासून तोंड फिरवणं, ही काचबिंदूची चिन्हं.

दुसरा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. जन्माच्या वेळी तो नसतो, किंवा नुसता फिका ठिपका, नाही तर दोऱ्यासारख्या बारीक लाल रेघा असतात. पहिल्या काही आठवड्यांत उगवतो आणि मग झपाट्याने वाढतो. वाढीचा जोर ५ ते ८ आठवड्यांच्या वयात सगळ्यात जास्त. वर आला तर भडक लाल आणि मऊ, त्वचेखाली खोल असेल तर निळसर फुगवटा. पुढे काही वर्षांत तो आपला आपण ओसरतो, म्हणून ‘जाईल आपोआप’ असा सल्ला सर्रास मिळतो. पाठीवर असेल तर सल्ला ठीक. पापणीवर नाही. वरच्या पापणीतली गाठ बुबुळावर उतरली किंवा तिचा नुसता भार डोळ्यावर पडला, तरी नजर वाकडी-तिरकी घडते आणि मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. गाठ पाच वर्षांनी विरते, पण दबलेली दृष्टी परत येईलच असं नाही. पापणीवर वाढणारा लाल ठिपका दिसला, तर बाळ महिन्याचं होण्याच्या सुमारास तज्ज्ञांना दाखवलेलं उत्तम. २००८ पासून प्रोप्रॅनोलॉल हे पोटात द्यायचं औषध यावर वापरलं जातं, पातळ डागांवर टिमोलॉलचे थेंब त्वचेवर लावतात. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, कारण ही औषधं हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करतात.

खरखरीत, पापुद्र्यांचं, लाल: आता कारण शोधायचं

इथे खरी कटकट सुरू होते. पापणीला दाह होतो तो बहुतेक वेळा पापणीवर काही ‘लावल्याने’ नव्हे, तर तिथे काही ‘पोचल्याने’. बाळाचा चेहरा दिवसातून अनेक हातांत, अनेक खांद्यांवर आणि एकाच चादरीवर असतो.

सुगंधी ओले वाइप्स हा पहिला संशयित. डोळा पुसायला तेच हाताशी असतात. पाकिटावर बारीक अक्षरांत ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’ हे परिरक्षक लिहिलंय का पाहा. स्पर्शाने होणाऱ्या ॲलर्जीचं ते चांगलंच माहीत असलेलं कारण आहे. ‘सेन्सिटिव्ह’ असं वेष्टनावर लिहिलंय म्हणून सुटका होत नाही, मागची यादीच वाचावी लागते. दुसरा संशयित कपडे धुताना शेवटच्या पाण्यात घालतात ते सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर. बाळाची दुपटी वेगळी धुतली जातात, पण बाळ ज्या खांद्यावर तोंड घासतं तो शर्ट कोण वेगळा धुतो? तिसरा, मोठ्यांच्या हाताचं क्रीम, अत्तर, केसांचा रंग, नेलपॉलिश आणि मुरुमांवरची मलमं. मुरुमांवरच्या बऱ्याच मलमांत बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइड असतं. गालाला गाल लागला तरी बाळाच्या पापणीची आग व्हायला तेवढं पुरतं. चौथा, शाम्पूचं पाणी. डोकं धुताना पाणी पुढे ओघळत असेल तर पुरळ अंघोळीनंतर तासाभरात दिसेल, ही त्याची ओळख.

एकाच वेळी सगळं बदललंत तर पुरळ जाईल, पण कशाने गेलं ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच. उलट एकेक वस्तू काढत बसलात तर बाळाला उगाच आठवडेच्या आठवडे त्रास. मधला मार्ग चांगला: आधी १० दिवस चेहऱ्याला फक्त साधं पाणी आणि पेट्रोलियम जेली, बाकी सगळं बंद. त्वचा निवळली की एक वस्तू परत आणा, ४-५ दिवस बघा, मग दुसरी. ॲलर्जीचं पुरळ स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी उमटतं, म्हणून दोन वस्तूंमध्ये एवढं अंतर लागतंच.

पापणीची लाली सोबत भुवयांत आणि टाळूवर पिवळसर, तेलकट खपल्या घेऊन आली असेल आणि बाळ खाजवत नसेल, तर तो सेबोरिक डर्मटायटिस. साधारण ३ आठवड्यांच्या पुढे सुरू होतो, बहुधा वर्षाच्या आत संपतो. नुसत्या पापणीवर काम करून उपयोग नाही, कारण साठा डोक्यावर आहे. अंघोळीआधी १५-२० मिनिटं टाळूवर खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावून खपल्या मऊ करा, मऊ ब्रशने सोडवा, सौम्य शाम्पूने तेल पूर्ण काढा आणि डोकं मागे झुकवून पाणी मागच्या मागे जाऊ द्या. नखाने खपली उचकटू नका. कोंड्यावरचे मोठ्यांचे औषधी शाम्पू आणि सॅलिसिलिक ॲसिड असलेलं काहीही बाळाला नाही.

खाज असेल, गालही कोरडे-लाल असतील, घरात दमा, शिंका किंवा इसब असेल आणि सुरुवात दोन-तीन महिन्यांच्या पुढे झाली असेल, तर ॲटोपिक इसबाकडे बघा. लहान बाळाला नेमकं खाजवता येत नाही. ते चेहरा चादरीवर, खांद्यावर घासतं आणि नीट झोपत नाही. अंघोळ कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटं, मग टिपून घेणं (पुसणं नव्हे), आणि ओलसर त्वचेवरच तीन मिनिटांच्या आत सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर. पापण्यांसाठी पांढरी पेट्रोलियम जेली सर्वांत निर्धोक. दोन्ही डोळ्यांना मिळून आगकाडीच्या गुलाएवढी पुरे. पापणी मिटलेली असताना, पापण्यांच्या केसांपासून थोडं दूर.

आईने किंवा बाळाने एखादा पदार्थ खाल्ल्याने पापणीवर रेंगाळणारं कोरडं पुरळ येतंय, असा संशय घरोघरी घेतला जातो. त्यापायी स्तनपान करणाऱ्या आईचं खाणं एकेक करून तोडलं जातं, बहुतेकदा विनाकारण. अन्नाच्या तात्काळ ॲलर्जीचं रूप वेगळं असतं: वरचं अन्न दिल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठतात, पापण्या-ओठ फुगतात, उलटी होते. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ ढिलं पडलं तर तातडीची मदत मागवा.

स्टिरॉइडच्या मलमाचा फेरा

घरात उरलेली ट्यूब लावली, दोन दिवसांत लाली गेली, बंद केल्यावर चार दिवसांत दुपटीने परत आली, म्हणून पुन्हा लावली. वारंवार उलटणाऱ्या पुरळामागे हा फेरा पुष्कळदा असतो. पापणीच्या पातळ त्वचेतून स्टिरॉइड भराभर आत जातं. लांबत गेलेल्या वापराने त्वचा आणखी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टिरॉइड अशी तिन्ही एकत्र असलेली मलमं तर मुळीच नकोत. डॉक्टर कधी कधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मोजक्या दिवसांसाठी देतात. ते त्यांनी सांगितलेल्या दिवशी थांबवायचं, आणि मागल्या चिठ्ठीवर स्वतःहून पुन्हा सुरू करायचं नाही.

डोळा चिकटतो आणि खालची पापणी लाल होते

एका डोळ्यातून सतत पाणी, झोपून उठल्यावर चिपडं, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग मात्र स्वच्छ पांढरा. ही अश्रुनलिका अजून पूर्ण न उघडल्याची खूण. नलिकेच्या नाकाकडच्या टोकाला पातळ पडदा उरलेला असतो. ओलसरपणा आणि दिवसभराचं पुसणं, या दोन्हींनी कोपऱ्याची आणि खालच्या पापणीची त्वचा सोलवटते. इथे पुरळावर औषध म्हणजे गळक्या नळाखालची फरशी पुसत राहणं.

साफ करायची रीत: हात धुवा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पिळा, चिपडावर अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवा म्हणजे ते सुटेल. मग आतल्या कोपऱ्याकडून बाहेर एकदाच पुसा आणि बोळा टाका. दुसऱ्या पुसण्याला नवा बोळा, दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. टिपून कोरडं करा, वर जेलीचा अगदी पातळ थर. आईचं दूध डोळ्यात घालण्याने नलिका उघडत नाही.

मालिश करताना नखं कापलेली हवीत. करंगळीचं पेर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या बाजूच्या हाडावर टेकवा, डोळ्यावर नाही. हाडाकडे दाबून तसंच खाली नाकपुडीच्या दिशेने साधारण १ सेंटिमीटर सरकवा. असे ५ ते १० झोके, दिवसातून २ ते ४ वेळा. दाब इतका की तुमच्या नखाचं टोक किंचित पांढरं पडेल. नुसतं गोल गोल चोळणं म्हणजे मालिश नव्हे, नलिकेत दाब तयार व्हायला हवा. सुरुवातीला कोपऱ्यातून चिकट पदार्थ वर येतो. तो पुसा, हे अपेक्षितच आहे. दहातल्या सुमारे नऊ बाळांचा प्रश्न वर्षाच्या आत सुटतो. न सुटल्यास नेत्रतज्ज्ञ बारीक सळईने नलिका मोकळी करतात. आतल्या कोपऱ्याच्या खाली निळसर टणक फुगवटा असेल, किंवा तो भाग लाल होऊन दुखत असेल, तर मालिश थांबवून लगेच दाखवा.

किरकोळ, पण नेहमीचे

बारीक सरळ रेघ उमटली असेल तर बाळाचं नख लागलंय. नखं आठवड्यातून एक-दोनदा बोथट कापा. झोपेतून उठल्यावर एकच वरची पापणी टम्म फुगलेली, पण ताप नाही, दुखत नाही आणि मधोमध बारीक टोचल्याची खूण असेल, तर कीटक चावलाय. थंड ओल्या कापडाने काही मिनिटं शेका, काही दिवसांत ओसरायला हवी. कपाळ-भुवयांवर घामोळं आलं असेल तर टोपी आणि एक थर कपडे कमी करा. पापणीच्या कडेला दुखरा फोड म्हणजे रांजणवाडी: कोमट ओलं कापड ५ ते १० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा, आधी स्वतःच्या मनगटावर गरमपणा तपासून. फोडायची नाही.

डॉक्टरांकडे जाताना

डाग नेमका दवाखान्यातच फिका पडतो, म्हणून फोटो न्या. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दर आठवड्याला त्याच अंतरावरून; एक बाळ शांत असताना, एक रडताना, एक समोरून आणि एक बाजूने, म्हणजे उंचवटा असेल तर कळेल. हिमँजिओमाचा संशय असेल तर दर तीन दिवसांनी घ्या. चेहऱ्याला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या मागच्या लेबलाचाही फोटो असू द्या, वापरलेल्या ट्यूब सोबत न्या, अगदी लपवून लावलेल्यासुद्धा. डाग जन्मदिवशी होता की नंतर आला, हा प्रश्न पहिला विचारला जाईल. जन्माच्या दिवशी काढलेले फोटो शोधून मोठे करून बघितले की त्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.